सोयाबीनच्या मुळातलं रक्त

आज निंदण सुरू असेल तर रेडिओ धुऱ्यावर ठेवा आणि एक काम करा. दाट झालेलं, तसंही काढायचंच असं सोयाबीनचं एक झाड मुळासकट काढा. ओढू नका, भोवतालची माती खुरप्यानं सैल करून काढा, नाहीतर मला दाखवायचं ते मातीतच राहील. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत काय रंग दिसतो?

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच वावरात. माझ्यासोबत निंदणाला एक आजीबाई होत्या. त्यांनी बोट पुढं केलं आणि म्हणाल्या, "अवं माय, हे तं रगत हाय!" मी हसले. रात्री पोरीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात शोधलं, तेव्हा कळलं की हसायचं काही कारण नव्हतं. आजीबाईंचं म्हणणं जवळजवळ बरोबर होतं.

आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. तेच आपलं 'एचबी', दवाखान्यात बोट टोचून मोजतात ते. त्याच्या पोटात लोह असतं आणि त्या लोहाला धरून ते फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतं. सोयाबीनच्या गाठीतला लाल रंगही अशाच एका पदार्थाचा आहे. त्याच्याही पोटात लोह आहे आणि तेही प्राणवायू धरतं. कुबो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं 1939 साली दाखवून दिलं की सोयाबीनच्या गाठीतला हा पदार्थ हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतला आहे. त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. नाव जड आहे, आपण त्याला गाठीतलं रक्त म्हणू.

झाडाला रक्त कशाला लागतं? त्याला काय पळायचं आहे?

त्या गाठीत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. हवेत शंभरात 78 भाग नत्र आहे, पण झाडाला तो हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू तो पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. म्हणून तर तूर, हरभरा, मूग, सोयाबीन यांना कपाशीइतका युरिया लागत नाही. पण यात एक पेच आहे. नत्र पकडायचं जिवाणूंचं जे यंत्र आहे, ते प्राणवायू लागला की बिघडतं. आणि जिवाणूंना जगायला, काम करायला प्राणवायू तर हवाच. आपल्या घरात कसं, चुलीला वारा हवा आणि शेजारच्या दिव्याला नको. दोन्ही एकाच खोलीत पेटते ठेवायचे तर दारात कोणीतरी उभं राहून वारा मोजून-मापून आत सोडावा लागेल. गाठीतलं रक्त नेमकं हेच करतं. प्राणवायू स्वतः धरून ठेवतं आणि जिवाणूंच्या हाती थोडा थोडा देतं.

गाठ आतून लाल-गुलाबी असेल तर तिचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. सगळ्याच गाठी पांढऱ्या निघाल्या, तर पुढच्या पेरणीला बियाण्याला सोयाबीनचं रायझोबियम संवर्धक लावायचं. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी आणि जिवाणू शेवटी. उलटं केलं तर आपणच आपले पाहुणे मारतो.

हे रक्त काही फक्त शेंगवर्गातच आहे असं नाही. पुढं भातात आणि जवातही त्याची भावंडं सापडली, अगदी थोडी. म्हणजे हे नातं फार जुनं आहे.

याहून मोठी गंमत पानात आहे. हान्स फिशर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला 1930 साली नोबेल मिळालं, ते रक्तातला लाल भाग आणि पानातला हिरवा भाग यांची रचना उलगडल्याबद्दल. दोघांची बांधणी इतकी सारखी की बघणाऱ्याला बहिणी वाटाव्या. दोन्हींत एक गोल कडं असतं आणि मधोमध एक धातू बसलेला असतो. रक्तात तो धातू लोह असतो, पानात मॅग्नेशियम. त्या मॅग्नेशियमची करामत तुम्ही रोज पाहता, फक्त नाव माहीत नसतं. हिरव्यागार भाजीत चिंच घालून शिजवलं की तिचा रंग मळकट होतो ना? आंबटपणानं कड्यातलं मॅग्नेशियम निसटतं, म्हणून. काही जणी रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा टाकतात. रंग टिकतो, पण भाजीतलं क जीवनसत्त्व मरतं. त्यापेक्षा मळकट भाजी खाल्लेली बरी.

आता इथंच बाया फसतात. पान आणि रक्त सारखं, म्हणून गव्हांकुराच्या रसाला 'हिरवं रक्त' म्हणून विकतात. पण आपलं शरीर पानातलं कडं उचलून रक्तात बसवत नाही. कडं ते स्वतःचं स्वतः घडवतं. बाहेरून हवं असतं ते लोह. बीटाचंही तसंच. बीट लाल म्हणून रक्त वाढतं असं आपण किती बाळंतिणींना सांगितलंय, मीही सांगितलंय. बीटाचा रंग वेगळ्याच रसायनाचा आहे, त्याचा रक्ताशी काही संबंध नाही, आणि बीटात लोहही बेताचंच. बीट खा, चांगलं आहे, पण लाल दिसतं म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

हे सगळं मी आज का सांगतेय? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 54 टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे आज हे ऐकणाऱ्या दोघींतली एक. एचबी 12 च्या खाली असेल तर रक्त कमी, गरोदरपणी 11 च्या खाली. घरात पाय ओढत चालणारी, जिना चढताना थांबणारी, "मला काही नाही झालं" म्हणणारी बाई आठवा. बहुतेक ती तुम्हीच असाल.

आपल्याकडं लोह ताटात नसतं असं नाही. बाजरी, मेथी, चवळीची पानं, आंबाडी, पावसाळ्यात तरोटा, तीळ, हरभरा, सगळ्यांत आहे. अडचण अशी की भाजी-धान्यातलं लोह शरीर फार कमी उचलतं. शंभर भाग खाल्ले तर पाच-दहा अंगी लागतात. मटण-मासळीतलं लोह कड्यात बसूनच येतं, म्हणून ते जास्त उचललं जातं. भाजीतलं सुटं असतं आणि वाटेत भेटेल त्याला चिकटतं. चहातल्या टॅनिनला तर लगेच. स्वीडनमध्ये 1979 साली शास्त्रज्ञांनी नाश्त्यासोबत माणसांना वेगवेगळी पेयं देऊन लोह किती अंगी लागतं ते मोजलं. संत्र्याच्या रसासोबत ते साधारण अडीच पट झालं. चहासोबत निम्म्याहूनही कमी.

संत्र्याच्या रसासोबत! आणि संत्रं कुणाचं? आपलं. अंबियाचा बहार आला की हायवेवर ट्रकमागून ट्रक जातात आणि आपण बागेतून तोडणी करून घरी आलो की पहिलं काय करतो? चहा मांडतो. जेवणासोबत चहा, पोळी चहात बुडवून, पोरांनाही तेच. संत्रं विकायचं आणि चहापत्ती विकत आणायची, असा आपला हिशेब आहे.

माझ्या जावेची गोष्ट सांगते. दुसऱ्या वेळेस दिवस गेले तेव्हा तिचं एचबी साडेसातच्या आसपास होतं. लाल गोळ्या मिळाल्या, ती रोज घेत होती, एकही चुकवली नाही. दीड महिन्यानं तपासलं तर काट्यावर काट्यासारखं तसंच. घरात तिलाच बोलले सगळे, की खोटं बोलते, गोळ्या फेकत असेल. मीही मनात तेच म्हटलं, हे आज कबूल करते. मग आमच्या आशाताईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "गोळी कशासोबत घेता?" सकाळच्या चहासोबत. आणि कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात. दुसऱ्या दिवसापासून लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियमची रात्री, चहा गोळीपासून दोन तास लांब. बाळंतपणाच्या आधी एचबी दहाच्या वर गेलं. तिला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. ती हा कार्यक्रम ऐकते.

तर गोळी चहा, दूध, कॅल्शियम यांच्यासोबत नाही. गोळीनं शौच काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. पोटात ढवळलं तर गोळी सोडायची नाही, आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारायचं. ताटात लिंबू पिळायचं ते भाजी चुलीवरून उतरवल्यावर, कारण क जीवनसत्त्व उकळीला टिकत नाही. सध्या संत्री झाडावर हिरवीच आहेत, म्हणून लिंबू. हिवाळ्यात पेरू, त्याच्यात तर संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, हे आपल्या संत्रावाल्यांना सांगू नका. मूग-मटकीला मोड आणले तर दोन फायदे. क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं. आणि माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढा.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 कड्या असतात, त्यातली सहावी एकच कडी बदलली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि चार महिन्यांऐवजी दोन-तीन आठवड्यांत मरतात. त्या मुलीचंही एचबी कमीच येतं. पण तिथं कमतरता लोहाची असेलच असं नाही, उलट वारंवार रक्त चढवावं लागलं तर लोह अंगात साठून त्रास देतं. आमच्या ओळखीतल्या एका पोरीला वर्षभर दुकानातून लोहाचं टॉनिक आणून पाजत होते, कारण चेहरा पिवळट आणि हातपाय दुखायचे. तपासणी कुणी केलीच नव्हती. सांधे, हाडं वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर आधी ग्रामीण रुग्णालयात सिकलसेलची तपासणी करून घ्या, थेंबभर रक्त लागतं. लग्न ठरवायच्या आधी मुलगा-मुलगी दोघांचीही करा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा बाळाला आजार असण्याचा धोका असतो.

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, मग त्या गाठीच खाल्ल्या तर? नको बाई. त्यात लोह चिमूटभरही नाही, माती तेवढी पोटात जाईल. अमेरिकेत मात्र एका कंपनीनं सोयाबीनच्या या रक्ताचं बीज यीस्टमध्ये घालून ते टाक्यांमध्ये पिकवलं आणि त्यापासून बिनमांसाचं मटण केलं. भाजताना त्याला मटणासारखाच रंग नि वास येतो म्हणतात. आपल्या वावरातलं पीक कुठं जाऊन पोचलं!

गाठी बघायच्या असतील तर या पंधरवड्यातच बघा. शेंगा भरायला लागल्या की गाठी म्हाताऱ्या होतात, आतून आधी हिरवट, मग तपकिरी पडतात, आणि लाल काही उरत नाही.