जिंकलेल्या सामन्यातला गोल

(वसंत व्याख्यानमालेत कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘युरोपीय साखळी आणि संभाव्यतेचं गणित’. गणित हा शब्द वाचून काही मंडळी आली नसावीत, कारण मागच्या रांगा मोकळ्या दिसताहेत. (हशा) जे आलेत त्यांना 2024 पर्यंतचा चार संघांचा गट, सहा सामने, पहिले दोन पुढे, तिसरा युरोपा लीगमध्ये, हे सगळं समजावून सांगायचं म्हणजे कोल्हापुरात येऊन तांबडा रस्सा कसा ओरपावा हे शिकवण्यासारखं आहे. तेव्हा ते राहू दे.

मला आज एकच गोष्ट पटवायची आहे. ती घरी कुणाला पटलेली नाही, म्हणून इथे आणलीय. शेवटच्या साखळी सामन्याआधी वाहिन्यांवर टक्के झळकतात. अमुक क्लबला पुढे जाण्याची संधी इतकी, तमुकला तितकी. माझं म्हणणं असं, की ते टक्के त्या वेळी कुणी ठरवत नाही. ते सप्टेंबरातच ठरलेले असतात, आणि ठरतात ते हरलेल्या सामन्यात नव्हे, तर जिंकलेल्या सामन्यात! दोन-शून्य आघाडी आहे, घड्याळात पाच मिनिटं उरलीत, लोक उठून चपला शोधताहेत, आणि तेवढ्यात एक गोल बसतो. दोन-एक. जिंकलो ना? जिंकलो. त्या गोलाचं दुःख कुणीच करत नाही. साखळीत सगळ्यात महाग पडतो तो हाच गोल.

उदाहरण देतो नापोलीचं. 2013-14 चा हंगाम, चॅम्पियन्स लीग, गट ‘फ’. आर्सेनल, बोरुसिया डॉर्टमंड, नापोली आणि मार्सेय. डॉर्टमंड आदल्याच मोसमात वेम्बलीवर अंतिम सामना खेळलेलं. नापोलीचे प्रशिक्षक राफा बेनितेझ. सहा सामने संपले तेव्हा आर्सेनल 12, डॉर्टमंड 12, नापोली 12, आणि मार्सेय शून्य. बारा गुण मिळवून नापोली बाहेर! एरवी दहा गुणांवर लोक सुखाने पुढे जायचे.

पण पहिला सामना बघू. 18 सप्टेंबर 2013, नेपल्स, सान पाओलो स्टेडियम. आता त्याला मॅराडोनाचं नाव दिलंय. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. 29व्या मिनिटाला नापोलीच्या इग्वाइनने डोक्याने गोल केला. आता हा गोल झाला कसा, ते ऐका. डॉर्टमंडचा बचावपटू सुबोतिच जखमेवर उपचार घ्यायला बाहेर गेला होता. तो परत यायला निघाला, पण पंचांनी त्याला लगेच आत घेतलं नाही आणि नापोलीला कॉर्नर घेऊ दिला. डॉर्टमंडकडे दहाच माणसं, आणि गोल. मग डॉर्टमंडचे प्रशिक्षक क्लॉपसाहेब! तुम्ही त्यांना लिव्हरपूलमध्ये हसताना पाहिलंय, पण त्या रात्रीचा चेहरा शोधून पाहा. चौथ्या पंचाच्या नाकाला नाक लावून उभे, दात दिसताहेत, डोळे बाहेर आलेत. रेफ्रीने त्यांना घालवून दिलं. आपल्या शाहू स्टेडियमवर असं काही झालं तर—

(मागून: “तर सामना बंद!”)

(हशा) सामना बंद, आणि दुसऱ्या दिवशी पेठेत बैठक. कुठल्या पेठेत ते मी सांगणार नाही, मला रात्री घरी जायचंय. (हशा, टाळ्या)

पण क्लॉप गेले तरी प्रकरण संपलं नाही. मध्यंतराच्या तोंडावर डॉर्टमंडचा गोलकीपर वाइडेनफेलर पेनल्टी बॉक्सच्या बाहेर आला आणि चेंडू हाताने अडवला. लाल कार्ड. म्हणजे प्रशिक्षक नाही, पहिला गोलकीपर नाही, माणसं दहा. 67व्या मिनिटाला इन्सिन्येने फ्री किकवर दुसरा गोल ठोकला. इन्सिन्ये तिथलाच पोरगा, नेपल्सजवळच्या फ्रात्तामाज्जोरेचा. स्टेडियम कसं पेटलं असेल याची कल्पना तुम्हाला मी काय देणार? दोन-शून्य, समोर दहा माणसं. आता काय व्हायचंय?

(अध्यक्ष चिठ्ठी देतात.) पंधरा मिनिटं? बरं. क्लॉपवर इतका वेळ घालवायचा नव्हता, पण तो माणूसच तसा आहे.

87व्या मिनिटाला चेंडू नापोलीच्या झुनिगाला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. हा झुनिगा कोण, तर पुढच्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये नेमारच्या पाठीत ज्याचा गुडघा बसला, तोच. (“ओऽऽ” असा आवाज) हां, आता आठवलं बघा! त्या स्वयंगोलानंतरही नापोलीने सामना दोन-एक जिंकला, आणि पेपरात आलं ते इन्सिन्येबद्दल आणि क्लॉपबद्दल.

आता फळ्याकडे या. गुण सारखे झाले की त्या वेळच्या नियमाने सारखे गुण असलेल्या संघांचे आपसातले सामनेच मोजायचे. मार्सेयचे सामने बाद. आपसातले गुणही तिघांचे सारखेच, म्हणून गोल मोजायचे. चित्र असं: डॉर्टमंड नेपल्समध्ये हरलं एक-दोन, घरी जिंकलं तीन-एक, लंडनमध्ये आर्सेनलला हरवलं दोन-एक, घरी हरलं शून्य-एक. गोल केले सहा, खाल्ले पाच. अधिक एक. आर्सेनलने चार केले, चार खाल्ले. शून्य. नापोलीने पाच केले, सहा खाल्ले. उणे एक. म्हणून नापोली तिसरं.

आता खडू घेतो आणि झुनिगाचा तो एक गोल पुसतो. डॉर्टमंड पाच-पाच. नापोली पाच-पाच. आर्सेनल चार-चार. तिघांचाही फरक शून्य! मग केलेले गोल बघायचे. डॉर्टमंड पाच, नापोली पाच, आर्सेनल चार. आर्सेनल बाहेर, नापोली आत. (शांतता, मग टाळ्या) टाळ्या मला देऊ नका, झुनिगाला द्या.

(समोरच्या रांगेतून एक श्रोते: “सर, पण तो गोल झाला नसता, तर पुढचे सामनेही वेगळे खेळले गेले असते. आणि एकूण गोलफरक धरला तर?”)

दोन प्रश्न आहेत. दुसरा आधी घेतो, कारण तो मला अडचणीचा आहे. (हशा) एकूण गोलफरक धरला तर डॉर्टमंड अधिक पाच, आर्सेनल अधिक तीन, नापोली अधिक एक. नापोली तरीही तिसरंच. पण का? मार्सेयला एकही गुण मिळाला नाही, आणि त्याच मार्सेयने नापोलीला तीन गोल मारले. नापोलीने तिथे दोन-एक जिंकलं, घरी तीन-दोन जिंकलं. जिंकलेल्या सामन्यात खाल्लेले गोल! म्हणजे तुमचा नियम लावला तरी माझंच म्हणणं खरं ठरतं. (टाळ्या, “वा!”) आता पहिला प्रश्न. होय, पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. मान्य. पण ‘कदाचित’ला भिऊन हिशेबच ठेवायचा नाही, असं म्हटलं तर मग टेबल कशाला छापायचं? तुम्ही बँकेत होतात का हो? (हशा)

शेवटची रात्र जरा सावकाश सांगायची होती. 11 डिसेंबर. परिस्थिती अशी: डॉर्टमंड जिंकलं नाही, तर नापोलीला साधा विजय पुरे. डॉर्टमंड जिंकलं, तर आर्सेनलला तीन गोलांच्या फरकाने हरवायला हवं. तिकडे डॉर्टमंडशी खेळणाऱ्या मार्सेयचा पायेत पहिल्या सत्रातच दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेलेला, खोटं पडल्याबद्दल. तरी एक-एक. इकडे 73व्या मिनिटाला इग्वाइनचा गोल. त्या क्षणापासून नापोली आत! चौदा मिनिटं आत. आणि तिकडे 87व्या मिनिटाला, पुन्हा तेच मिनिट, डॉर्टमंडच्या ग्रोसक्रोइट्झने गोल केला. आता नापोलीला आणखी दोन हवेत. जादा वेळेत कायेहोनने एक केला. दोन-शून्य. आर्सेनलला हरवलेलं, बारा गुण झालेले, आणि इग्वाइन मैदानावर रडतोय.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) पाच मिनिटं द्या. बरं, तीन.

बेनितेझबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. हाच माणूस नऊ वर्षांपूर्वी, डिसेंबर 2004 मध्ये, लिव्हरपूलला घेऊन याच पेचात उभा होता. ग्रीसमध्ये ऑलिम्पियाकोसकडून शून्य-एक हरलेला. अॅनफिल्डवर शेवटचा सामना, आणि रिवाल्डोने फ्री किकवर पाहुण्यांना आघाडी दिली. म्हणजे आता तीन गोल हवेत, दोन चालणार नाहीत. दोन-एक झालं तर दुसऱ्याच्या मैदानावर केलेल्या गोलामुळे ऑलिम्पियाकोस पुढे. मध्यंतरानंतर सिनामा-पोंगोलने एक केला, मग मेलरने, आणि 86व्या मिनिटाला जेरार्डने तो लांबून हाणलेला तिसरा. त्याच मोसमात इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरलो तर अध्यक्ष माईक काढून घेतील. बेनितेझला दोन्ही वेळा शेवटच्या सामन्यात तीन गोल हवे होते. एकदा तीन मिळाले, एकदा दोन.

(मागून: “मग सर, नशीबच की!”)

नाही! हेच तर नाही. लिव्हरपूलचा जेरार्ड तुम्हाला आठवतो, पण त्याच साखळीत मोनॅकोला घरच्या मैदानावर हरवलं तेव्हा लिव्हरपूलने गोल खाल्ला नव्हता. दोन-शून्य. ला कोरुन्यात जिंकले तेव्हाही खाल्ला नाही. एक-शून्य. आधीच्या दोन विजयांत एकही गोल खाल्लेला नाही, हे कुणी सांगत नाही, कारण त्याचा व्हिडिओ बघायला मजा येत नाही. आता 2024 पासून गटच गेले. 36 संघांचं एकच टेबल, प्रत्येकी आठ सामने, गुण सारखे झाले की आधी एकूण गोलफरक. म्हणजे सप्टेंबरातला 87व्या मिनिटाचा गोल आता गटातल्या तिघांशी नव्हे, पस्तीस जणांशी मोजला जाणार. न्यूकॅसलचं आणि अटलांटाचं सांगायचं राहिलं, पहिले तिन्ही सामने हरून पुढे गेलेले दोघे. ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातात असं कुणी म्हणेल—

(“म्हणतोच!”)

—तर त्यांनी खाली चहाच्या टेबलाशी भेटावं. फळा पुसू नका, मला त्याचा फोटो काढायचाय.