आमंत्रणपत्रिकेतील एक शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूरु येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, त्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. आम्ही कोणी समाजशास्त्रज्ञ नव्हे. बी.ए.ची पदवी पदरात पडताच केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि उभी हयात फायलींवर टिपणे लिहिण्यात गेली. तथापि त्या टिपणांनी एक गोष्ट शिकविली. कागदावरचा एखादा शब्द लिहिणाऱ्याला क्षुल्लक वाटतो. पण तो ज्याला लागू होतो, त्याचे आयुष्य त्या शब्दाने बदलते. ‘जगभरातील दैनंदिन रूढी आणि सामुदायिक कृती’ असा भारदस्त विषय आम्हांस देण्यात आला आहे. त्याची सुरुवात मात्र आम्ही आपल्या मंडळाच्या आमंत्रणपत्रिकेतील अशाच एका शब्दापासून करणार आहोत.

आज आपण जेथे बसलो आहोत त्या भूमीचे प्रथम स्मरण करू. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या परिसरातील सुमारे ३३२ एकर जमिनीवर १९७८ च्या सुमारास कर्नाटक राज्याच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी आरंभिली. आर. के. बाळिगा या द्रष्ट्या अभियंत्याची ती कल्पना. त्या वेळी हे स्वप्न अनेकांना वेडेपणाचे वाटले असेल. पुढे २०१० साली उन्नत महामार्ग झाला, ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका धावू लागली, आणि पुणे, नागपूर, सोलापूर, सांगली येथून आलेली आपली तरुण कुटुंबे या परिसरात स्थिरावली. मंडळाचे संस्थापक मात्र त्याआधीच्या पिढीचे, सार्वजनिक क्षेत्रातील मोठमोठ्या कारखान्यांत नोकरीला आलेले. एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने बांधून दिलेले मेतकूट घेऊन ते येथे आले. त्या ट्रंकेत न दिसणारे आणखी एक सामान होते. ते म्हणजे घरच्या चालीरीती.

परमुलखात माणूस चालीरीती अधिकच घट्ट धरून ठेवतो, असा आमचा बदल्यांच्या नोकरीतील अनुभव आहे. गावाकडे एखादी रूढी सैल झाली तरी गाव जागच्या जागी असते. येथे मात्र गणपतीची आरास, संक्रांतीचे वाण, चैत्रगौरीचे पन्हे हेच आपले गाव. ते जपले म्हणून मंडळाची पन्नास वर्षे झाली. परंतु जपताना आपण काय काय जपले, हे कधी तपासले नाही.

२००८ साली आम्ही मंडळाचे कार्यवाह होतो. त्या वर्षीच्या संक्रांतीच्या पत्रिकेचा मसुदा आम्हीच केला. ‘तरी समस्त सुवासिनींनी हळदीकुंकवास अगत्यपूर्वक उपस्थित राहावे,’ असे त्यात लिहिले. मजकूर सर्वांच्या पसंतीस उतरला आणि पुढे दरवर्षी फक्त तारीख बदलून तोच छापला जाऊ लागला. मंडळाच्या एका काकू होत्या. गणेशोत्सवात त्यांच्या हातचे मोदक खाल्ले नाहीत असा एकही जुना सभासद नसेल. काकांचे निधन झाल्यानंतरच्या संक्रांतीला त्या आल्या, पण थेट सभागृहामागच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि अडीचशे पुड्यांत तिळगूळ भरीत बसल्या. कोणी त्यांना तेथे पाठविले नव्हते आणि कोणी बाहेरही बोलाविले नाही. आम्ही स्वतः दोनदा पुड्यांची परात उचलायला आत गेलो. ‘काकू, झालं का?’ एवढेच आम्ही विचारले.

मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान गेले. पुढे ती आमच्याकडे येथे राहावयास आली. २०२३ च्या संक्रांतीला आमची पत्नी निघण्याच्या तयारीत असताना तिला म्हणाली, ‘चला ना वन्सं.’ बहीण शांतपणे म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही जा. पत्रिकेत मला बोलावलेलं नाही.’ शेजारच्या खोलीत आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो. पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच हाताने लिहिलेले वाक्य आपल्याच घरात येऊन उभे राहिले, आणि त्याला द्यावयास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

श्रोतेहो, आपण म्हणाल की एका शब्दाचे एवढे काय? कायदा तर केव्हाच झाला. होय, विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा. पण त्यानंतर सदतीस वर्षांनी, १८९३ साली, अण्णासाहेब कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा काय झाले? ज्या मुरूडच्या भल्यासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभारला होता, त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पोटच्या मुलाला घरात घेणे आईला अवघड व्हावे, एवढा त्या बहिष्काराचा जोर होता. गावकऱ्यांनी एकत्र येऊन केलेली तीही सामुदायिक कृतीच होती, हे विसरून चालणार नाही. समुदाय एकवटला की चांगलेच घडते, असा भोळा समज नसावा. दार बंद करणाराही गावच आणि उघडणाराही गावच.

गाव दार उघडते तेही आपण पाहिले आहे. १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने, नाभिक बांधवांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. विचार करा, त्या काळी केशवपनावर टीकेचे लेख लिहिणारे काही कमी नव्हते. पण ज्या हातांवाचून ती रूढी चालू शकत नव्हती, ते हातच एकत्रितपणे मागे घेतले गेले. आणि अलीकडची गोष्ट मे २०२२ ची. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, आपल्या कर्नाटकाच्या सीमेलगत हेरवाड नावाचे गाव आहे. करोनाने अनेक तरुण स्त्रियांचे सौभाग्य हिरावले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस. या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा गावात यापुढे बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. मुरूड आणि हेरवाड यांच्यामध्ये जवळजवळ एकशे तीस वर्षांचे अंतर आहे. परंतु निर्णय दोन्ही ठिकाणी गावानेच घेतला.

एकट्यादुकट्याने हे का होत नाही? याचे उत्तर दूरच्या देशांत सापडते. चीनमध्ये मुलींचे पाय लहानपणीच करकचून बांधून वाकविण्याची चाल शतकानुशतके होती. आपल्या लेकीच्या वेदना बापाला दिसत नव्हत्या काय? दिसत होत्या. पण मोठ्या पायांच्या मुलीला स्थळ कोण देणार? म्हणून तो गप्प बसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पाय न बांधणाऱ्यांच्या संस्था निघाल्या. त्यांच्या शपथेला दोन अंगे होती. आपल्या मुलीचे पाय बांधणार नाही, आणि आपल्या मुलासाठी पाय बांधलेली वधू करणार नाही. या दुसऱ्या अर्ध्यात सारी मेख होती. शपथ घेणाऱ्या घरांतील मुलींना शपथ घेणाऱ्याच घरांत स्थळे मिळू लागली आणि एकेकट्या बापाचे भय ओसरले.

आफ्रिकेतील सेनेगल देशात मालिकुंडा बांबारा नावाचे खेडे आहे. मुलींच्या अंगावर शस्त्र चालविण्याची एक क्रूर प्रथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात असे. साक्षरतेच्या वर्गात एकत्र शिकणाऱ्या तेथील स्त्रियांनी ३१ जुलै १९९७ रोजी, पत्रकारांसमक्ष, ती प्रथा सोडल्याचे जाहीर केले. आजूबाजूची गावे खवळली. तेव्हा डेम्बा जावारा या वयोवृद्ध इमामांनी शहाणपणाची गोष्ट सांगितली. ज्या गावांशी आपली सोयरीक होते, त्या साऱ्या गावांना विचारल्याविना हे टिकावयाचे नाही. ते स्वतः गावोगाव पायी फिरले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, कोणाच्या आईआजीला दुष्ट म्हटले नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये १३ गावांनी मिळून तीच घोषणा केली. देशाचा कायदा त्यानंतर, १९९९ मध्ये झाला.

या वृद्धाचे शहाणपण हेरवाडलाही लागू पडते. गावाने ठराव केला तरी मयताला पाहुणे परगावाहून येतात, आणि त्यांतलीच एखादी वडीलधारी बाई ‘रीत आहे’ म्हणून पुढे सरसावते. म्हणून ठराव एका गावाचा असून भागत नाही. सोयऱ्याधायऱ्यांच्या साऱ्या गोतावळ्याचा व्हावा लागतो. आपले मंडळ असा एक गोतावळाच नव्हे काय?

आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडेही दृष्टी टाकू. त्यांचे ‘अरिशिण-कुंकुम’ आपल्या हळदीकुंकवाचे सख्खे भावंड. गुण तेच आणि दोषही तेच. पण याच कर्नाटकात, मंगळूरच्या कुद्रोळी गोकर्णनाथ मंदिरात, २०१३ साली दोन विधवा भगिनींची पुजारी म्हणून नेमणूक झाली. संक्रांतीला आमच्या शेजारची लहान मुलगी एळ्ळु-बेल्लाचे ताट घेऊन दारोदार जाते. दार उघडणाऱ्या बाईच्या कपाळाकडे ती पाहत नाही. त्या वर्षी संध्याकाळी आमच्या बहिणीने दार उघडले, मुलीने पुडी तिच्या हातात ठेवली आणि पुढच्या घरी पळाली. आमच्या बहिणीला त्या दिवशी मिळालेले संक्रांतीचे वाण तेवढेच.

आता आपल्याविषयी. गेल्या महिन्यात आम्ही हा विषय कार्यकारिणीपुढे मांडला. काही ज्येष्ठ भगिनींना तो रुचला नाही, आणि त्यांचे म्हणणे आम्ही आदराने ऐकले. त्यांच्या मनात दुष्टावा नाही. आपल्या धन्याच्या आयुष्याला काही होऊ नये, ही भीती आहे. भीतीला उपहासाने उत्तर देऊ नये. आम्ही त्यांना एवढेच विचारले, काकूंच्या हातचा मोदक आपण दरवर्षी देवापुढे ठेवतो, मग त्याच हाताचे कुंकू आपल्याला का चालू नये? त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकूंच्या घरी गेलो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही क्षमा मागितली आणि बेत सांगितला. त्या म्हणाल्या, ‘नको रे बाबा. माझ्यामुळं कुणाच्या मनात पाल चुकचुकायला नको.’ रूढीची खरी पकड येथे दिसते. जिच्यावर अन्याय होतो, तीच इतरांच्या मनाची काळजी वाहते. एकटी काकू पुढे येणार नाही आणि तिने तसे एकटीने यावे अशी अपेक्षा करणे हाही अन्यायच होईल. साऱ्या सभागृहाने तिच्याकडे चालत गेले पाहिजे.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही तीन कलमांचा ठराव मांडणार आहोत. पहिले, मंडळाच्या कोणत्याही पत्रिकेत यापुढे ‘सुवासिनी’ हा शब्द असणार नाही. ‘सर्व भगिनी’ असे लिहिले जाईल. दुसरे, हळदकुंकू लावण्याचा, घेण्याचा आणि दारात उभे राहून स्वागत करण्याचा मान सर्व भगिनींना सारखा राहील. जिला ते नको असेल तिच्यावर कसलाही आग्रह होणार नाही. तिसरे, कोणाही सभासदाच्या घरी दुःखद प्रसंग ओढवल्यास मंडळाच्या दोन भगिनी त्या घरी असतील, बांगड्या फोडण्याच्या प्रकारास हात लावणार नाहीत, आणि पुढच्या पहिल्या समारंभाला त्या घरच्या भगिनीस सोबत घेऊन येतील.

तिसरे कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिली दोन कागदावर पूर्ण होतील. तिसऱ्यासाठी मात्र कोणाला तरी रिक्षा करून, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या रहदारीतून, कोणाच्या तरी दाराशी जावे लागेल आणि ‘चला, आम्ही न्यायला आलो आहोत,’ असे म्हणावे लागेल.

ही स्मरणिका आपल्या हाती पडेल तेव्हा ठराव संमत झालेला असेल किंवा फेटाळला गेलेला असेल. फेटाळला गेला तर पुढील वर्षी आम्ही तो पुन्हा मांडू. सरकारी नोकराला फाईल परत येण्याची सवय असते. संमत झाला तर पुढच्या संक्रांतीच्या पत्रिकेचा मसुदा करण्याची संधी आम्हांस द्यावी, एवढी विनंती आहे. २००८ सालचे वाक्य आमच्या हातचे होते. ते आमच्याच हाताने खोडावे, अशी आमची इच्छा आहे.