राजीखुशीची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून चारांऐवजी एकाच शब्दावर बोलते. शब्द इंग्रजी आहे. आपल्या तोंडी तो कधी येत नाही, पण आपल्या अंगठ्याखाली मात्र येतो. तो शब्द म्हणजे ‘ड्युरेस’.

घराचे, जागेचे इंग्रजी कागद येतात, त्यांत सहीच्या जरा वर बहुधा असे लिहिलेले असते की, मी हे कोणाच्याही ड्युरेसशिवाय लिहून देत आहे. मराठी दस्तात त्याच जागी आपल्या ओळखीचे वाक्य असते : राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता. वाचणारा ते एका दमात वाचून टाकतो. खरे पाहता साऱ्या कागदाचे वजन त्या एका ओळीवर असते.

‘कठीण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हा शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. माणसाला कोंडून, मारून किंवा तसा धाक घालून त्याचा होकार काढायचा, हा त्याचा कायद्यातला अर्थ. आपल्याकडे १८७२ सालचा करार कायदा आहे. त्यात शब्द निराळा आहे, पण अर्थ याहूनही रुंद आहे. गुन्हा ठरेल असे कृत्य केले किंवा करण्याची धमकी दिली, कोणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवली, तरी ती जबरदस्तीच. धाक आपल्याला घातला काय किंवा आपल्या लेकराला घातला काय, सारखेच. असा होकार ज्याच्याकडून काढला, त्याला तो करार रद्द करून मागता येतो.

याची दोन उदाहरणे मद्रास हायकोर्टातली आहेत. १८८९ सालच्या निकालात एका तेरा वर्षांच्या विधवेची हकिकत आहे. दत्तक घेतल्याशिवाय नवऱ्याचे प्रेत उचलू देणार नाही, असे नातलगांनी तिला अडवले. तो दत्तक कोर्टाने मानला नाही. दुसरा निकाल १९१७ सालचा. एका नवऱ्याने जीव देण्याची धमकी दिली आणि बायको व मुलाकडून आपल्या भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून घेतले. हीसुद्धा जबरदस्तीच, असे कोर्टाने ठरवले. भगिनींनो, अंगाला हात लागला नाही, तरी जबरदस्ती होते ती अशी.

आता आपल्या दाराशी येऊ. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. महाराष्ट्राने १९९४ साली लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २००५ सालच्या दुरुस्तीने तो लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. हा हक्क जन्मानेच आहे, असे २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितले. आणि घरोघर हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे येतो.

बाजारात पापलेटचा भाव पाडून मागणाऱ्याला आपली कोळीण वाट दाखवते. तीच कोळीण भावाने कागद पुढे केला की काही न विचारता अंगठा उठवते. तिला कोणी मारलेले नसते, कोंडलेले नसते. “सही नाही केलीस तर माहेर तुटले समज,” एवढेच कोणी बोललेले असते. गणपतीला कोण बोलावील, सणाला कोण विचारील, ही ती भीती. या भीतीला आपल्या भाषेत भीड म्हणतात, आणि कोर्टात तिला सहसा ड्युरेस म्हणत नाहीत. आपल्यावर वर्चस्व असलेल्या माणसाने त्याचा गैरफायदा घेतला, तर त्यासाठी कायद्यात वेगळे कलम आहे. पण ते सिद्ध करणे कठीण. माराची खूण दाखवता येते, भिडेची खूण कशी दाखवणार?

भावाला वाटा देऊ नये, असे मी म्हणत नाही. मायेने सोडलेला वाटा ही बहिणीची थोरवी आहे. मात्र आपण काय सोडतो आहोत, हे ठाऊक असल्याशिवाय सोडणे म्हणजे देणे नव्हे. म्हणून कागद आला की तो मराठीत वाचून घ्यावा, नक्कल मागावी आणि एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. घाई करणाऱ्याला तर नक्कीच थांबवावे. घराचा हक्क सोडल्याचा दस्त नोंदवावा लागतो. नोंदणी कचेरीत अधिकाऱ्यापुढे बसल्यावर मनात शंका असेल तर तिथेच तोंड उघडावे. जबरदस्ती झालीच असेल, तर दस्त रद्द करून मागण्याचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. वकिलाला पैसे कोठून आणू, असे म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आपल्या मंडळाने एवढे करावे : जिच्या हाती असा कागद येईल, तिच्याबरोबर वाचता येणारी एक बाई बसवावी. भीड एकटीला पडते, दोघींना कमी पडते. ‘राजीखुशीने’ हा शब्द ज्या दिवशी आपण खरोखर राजी असताना लिहिला जाईल, त्या दिवशी ड्युरेसचा अर्थ कोणाला विचारावा लागणार नाही.