आमचे वृद्ध व मधुमेह



ज्युबिलीच्या या आनंदप्रसंगीं आम्ही प्रथम आमची एक चूक सांगतों. एका शुभ शुक्रवारीं एका वृद्ध मातेनें मधुमेहाची गोळी घेतली. परंतु उपवास म्हणून अन्न घेतलें नाहीं. देवळांत तिला दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले. आम्ही तो भक्तीचा गहिंवर समजलों! शेजारीं बसलेल्या बाईंनीं तीन चमचे साखर पाण्यांत कालवून पाजली, म्हणून ती सांवरली.

वस्तुतः साठाव्या वर्षांत पदार्पण केल्यावर उपवासाचें बंधन राहत नाहीं. ज्यास उपवासानें अपाय होतो अशा रोग्यास तर तें कोणत्याही वयांत नाहीं. हें आम्ही वेळींच सांगावयास हवें होतें.

डॉक्टर अधूनमधून भेटतात, रोग मात्र रात्रंदिवस सोबत असतो. म्हणून रोग्यानें स्वतःच शिकलें पाहिजे. ‘आम्ही सडपातळ, आम्हांस काय होणार?’ असें कोणी म्हणूं नये. सडपातळ भारतीय शरीरांतही मेद दडलेला असूं शकतो, हें आपल्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखविलें आहे.

गोळी घेतली कीं वेळेवर जेवावें. रक्तांतील साखर ७० च्या खालीं गेल्यास तत्काळ साखर घ्यावी व १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावी. रोज रात्रीं तळपाय पाहावे. दृष्टि मंद असल्यास नातवंडांस पाहावयास सांगावें. साखरेची पुडी जवळ बाळगून देवळांत येण्यांत लाज नाहीं. येत्या शुभ शुक्रवारीं ती आमच्याही खिशांत असेल.