माझी सही माझीच होती

(हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली येथे महिला आणि तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायतीला अपक्ष कसं उभं राहायचं, यावर बोला असं मला सांगितलं. मी म्हटलं, मी तर पडलेली बाई, मी काय सांगणार? तर म्हणाले, पुढच्याला ठेच मागचा शहाणा, तुमची ठेच सांगा. म्हणून आले.

माझं गाव इथून जवळच आहे. आमचा बाजारहाट हट्ट्याला, पोलीस ठाणं हट्ट्याला, तहसील वसमतला. गावाचं नाव सांगत नाही. त्या वेळी माझ्या विरोधात गेलेली माणसं आजही माझ्याकडे कपडे शिवायला येतात. त्यांची बदनामी करायला मी इथे उभी नाही.

आम्ही पिंजारी. अब्बा कापूस पिंजून गाद्या भरायचे, मी मशीनवर शिवणकाम करते. आमच्या गल्लीत मुसलमानांची एकतीस घरं, बाजूला मातंग वस्ती. दोन्हीकडे नळ नव्हता. गावच्या टाकीतून पाईपलाईन निघाली ती आमच्या अलीकडच्या वळणावर संपली. उन्हाळ्यात कालव्याला पाणी असलं तर ठीक, नाहीतर हंडे घेऊन दुसऱ्याच्या बोअरवर.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यभरातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक लागली, त्यात आमचीही होती. नऊ सदस्य, तीन प्रभाग, प्रत्येकी तीन जागा. आमच्या प्रभागातली एक जागा नागरिकांच्या मागास प्रवर्गातल्या स्त्रीसाठी राखीव निघाली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. कमळ नाही, पंजा नाही, धनुष्यबाण नाही. कायद्याच्या नजरेत तिथे उभा राहणारा प्रत्येक जण अपक्षच. पण गावात दोन पॅनल असतात आणि जो कुठल्याच पॅनलमध्ये नाही, त्यालाच लोक अपक्ष म्हणतात. कसं म्हणतात तेही तुम्हाला माहीत आहे. "मतं खायला उभा राहिला."

डिसेंबरात आमच्या मोठ्या माणसांची बैठक झाली. पाच-सहा जण होते. ठरलं असं, की सगळी मतं एकगठ्ठा एका पॅनलला द्यायची आणि त्या बदल्यात कब्रस्तानला कंपाउंड वॉल करून घ्यायची. भिंत हवीच होती, जनावरं आत शिरायची, मी ते नाकारत नाही. पण त्या बैठकीत एकही बाई नव्हती. पाणी बायका भरतात, म्हणून पाण्याचा विषयच निघाला नाही. आणि राखीव जागेवर त्या पॅनलने दिलेल्या ताई आमच्या गल्लीत कधी आलेल्या नव्हत्या.

आम्ही चार बायका मशीनजवळ बसलो होतो. म्हटलं, आपल्यातली एक उभी करू. सगळ्यांनी माझ्या जावेचं नाव घेतलं, ती बोलायला खमकी. पण तिला तिसरं मूल २००६ सालचं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. दुसरी एक मुलगी होती, वय २३, पण शाळा पाचवीत सुटलेली. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सातवी पास लागते. मला दोनच मुलं, आणि मी जुन्या जन्माची असून दहावी. म्हणजे मी काही हिमतीने पुढे आले नाही, गाळून गाळून उरले ती मी.

कागदांचं सांगते, कारण आपली माणसं भाषणात हरत नाहीत, कागदात हरतात. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नसेल तर निदान अर्ज केल्याची पोच. मुसलमानांना ओबीसी दाखला मिळतो हेच आपल्याकडे कित्येकांना माहीत नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी त्यासाठी आयुष्य घातलं, दिलीपकुमार त्यांच्या सभांना आले, तेव्हा कुठे मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा जमातींना कागदावर आपलं नाव सापडलं. पुरावा लागतो तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. माझ्या दादांचा शाळेतला दाखला निजामाच्या काळातला, सगळा उर्दूत. मी मराठी शाळेत शिकले, मला तो वाचता येईना. गल्लीतल्या एका चाचांनी तो वाचला, "पिंजारी" या शब्दावर बोट ठेवलं आणि स्वतः माझ्याबरोबर वसमतला आले. हे चाचा लक्षात ठेवा.

घरपट्टी भरली, शौचालयाचं पत्र घेतलं, बँकेत खातं काढलं. सूचक म्हणून सही दिली मातंग वस्तीतल्या एका मावशींनी. शेवटच्या दोन दिवसांत अर्जांची झुंबड उडाली, तेव्हा निवडणूक आयोगाने कागदी अर्जही चालतील असं कळवलं. ३० डिसेंबरला माझा अर्ज गेला. अनामत शंभर रुपये. ३१ तारखेच्या छाननीत तो टिकला.

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. माझे मिस्टर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. मालक एका पॅनलचे पुढारी. त्यांनी भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." घरात दोन लेकरं शाळेची. मिस्टर मला म्हणाले, "तू मागे घे असं मी म्हणणार नाही. पण महिना कसा काढायचा ते तू सांग." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. भावांनो, अपक्ष उभं राहायला हिंमत लागते असं भाषणात म्हणतात. हिंमत नंतर, आधी घरात दोन महिन्यांचं धान्य लागतं. ते नसेल तर आधी ते बघा. यात लाज नाही.

४ जानेवारी, दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घ्यायची मुदत. सकाळी नऊलाच माणसं आली. सोबत जीप, आणि माघारीचा फॉर्म भरून तयार. सही तेवढी बाकी. आणि पुढे कोण? तेच चाचा, ज्यांनी माझ्या दादांचा कागद वाचला होता.

ते म्हणाले, "बेटी, जबान दी है हमने. कौम की इज्जत का सवाल है. सही कर दे."

मी त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. म्हटलं, "चाचा, बैठकीला मला बोलावलं असतं तर तिथंच बोलले असते. मला न विचारता जबान दिली, तर ती जबान माझी कशी?"

कुणीतरी मागून म्हणालं, गावात बिनविरोध व्हायला आलंय, तुमच्यामुळे अडलं. बिनविरोध हा शब्द कानाला गोड लागतो. हिवरे बाजारला वर्षानुवर्षं बिनविरोध झालं, तिथे काम दिसत होतं. पण त्याच महिन्यात नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी या गावांची निवडणूकच आयोगाने रद्द केली, कारण तिथे सरपंचपदाचा लिलाव लागला होता. तेव्हा बिनविरोध म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, विरोध नव्हता की विचारलंच नव्हतं?

ते लोक दीड वाजेपर्यंत ओसरीवर बसले. मी आत मशीनवर बसून काजे करत होते, हात थरथरत होता. उमेदवाराच्या सहीशिवाय माघार होत नाही. नवऱ्याची चालत नाही, सासऱ्याची चालत नाही, समाजाच्या प्रमुखाची चालत नाही. माझ्या आयुष्यात अशा गोष्टी फार नाहीत, की ज्या फक्त माझ्या सहीने अडतात. ही एक होती. मी सही केली नाही. जीप रिकामी गेली.

चिन्ह मिळालं कपबशी. खर्चाची मर्यादा पंचवीस हजार होती, माझे गेले ६,३४० रुपये, तेही बायकांनी गोळा केलेले. घरोघर फिरले. एकच गोष्ट समजावून सांगत होते, की तुम्हाला तीन मतं आहेत, दोन तुमच्या मनाने कुणालाही द्या, एक मला द्या. पॅनलवाले एकच सांगतात, ओळीने आपलीच बटणं दाबा. लोकांना वाटतं तीनही मतं एकत्रच द्यावी लागतात. तसं नाही. अपक्षाचा सगळा प्रचार इथेच आहे.

तेव्हा मला धीर दिला तो जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या बातमीने. तिथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा स्त्रियांच्या जागेवरचा अर्ज छाननीत बाद केला होता. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, अर्ज परत मिळवला आणि निवडूनही आल्या. म्हटलं, त्या कोर्टापर्यंत गेल्या, मला तर फक्त गल्लीत फिरायचंय.

१५ तारखेला मतदान, १८ ला मोजणी. निवडून आलेल्या ताईंना २१४, आपल्या मोठ्यांनी शब्द दिला होता त्या पॅनलच्या ताईंना १७६, मला ८७.

हिशोब तुम्हीच करा. ३८ मतांचा फरक, आणि माझी ८७. संध्याकाळी गल्लीत एकच बोलणं, हिने मतं फोडली, भिंत घालवली. मी आज तुमच्यासमोर खोटं बोलणार नाही. मी नसते तर कदाचित त्या ताई आल्या असत्या. मत फुटतं हे खरं आहे. ज्याला उभं राहायचंय त्याने आधी हे मान्य करावं, आणि समोर कोण येऊ शकतो याचाही विचार करावा. कधी कधी न उभं राहणं हाच शहाणपणा असतो.

पण दुसरी बाजूही सांगते. फोडायला ती मतं आधी कुणाची तरी असावी लागतात. एकशे काही मतं पाच जणांनी एका रात्रीत देऊन टाकली. कुणाच्या मालकीची होती ती? आणि माझी ८७ कोणत्या घरातून आली, हे मला आजही माहीत नाही. ते कुणालाच कळू नये म्हणून तर मत गुप्त ठेवलं आहे. मतदान खोलीत आत गेल्यावर बाई एकटी असते. तिथे ना चाचा, ना मालक, ना पॅनल.

चाचा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. ईदला त्यांच्या घरी शीरखुर्म्याचा डबा पाठवला, तो तसाच परत आला. हे मला पराभवापेक्षा जास्त लागलं. मिस्टरांना चार महिन्यांनी दुसरीकडे काम मिळालं, तोवर मशीनवर घर चाललं.

मग काय मिळालं? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा. आमच्या गावात ती कागदावर व्हायची. उमेदवारीच्या निमित्ताने मी हे नियम वाचले होते. पुढच्या महिला सभेला आम्ही अकरा जणी गेलो, मातंग वस्तीतल्या चौघी धरून. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी तेव्हा थेट ग्रामपंचायतीला यायचा, त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागायचा. आम्ही दोनच गोष्टी लिहून दिल्या, पाईपलाईन वळणाच्या पुढे न्या, आणि कब्रस्तानला भिंत बांधा. दोन्ही आराखड्यात घ्या आणि ठरावाची नक्कल द्या. भिंतीचा ठराव मुद्दाम आम्ही बायकांनी मांडला. निवडून आलेल्या ताईंनी, ज्यांच्याविरुद्ध मी उभी होते, त्याला पाठिंबा दिला.

नळ दुसऱ्या वर्षी आला. एक दिवसाआड येतो, पण दारात येतो. भिंत तीन बाजूंनी झाली, एक बाजू अजून राहिली आहे. ती आपोआप होणार नाही.

तुमच्यापैकी कुणाला उभं राहायचं असेल तर आजपासून कामाला लागा. मतदार यादीत नाव बघा. जातीचा दाखला आणि पडताळणी आताच करून ठेवा, अर्ज भरायच्या आठवड्यात ती होत नाही. ग्रामपंचायतीची बाकी ठेवू नका. आणि हरलात तरी निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्या. हरलेल्यालाही तो द्यावा लागतो, नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवतात. आपली कितीतरी पोरं तिथेच कटतात.

आणि ज्यांना उभं राहायचं नाही, त्यांनी निदान एवढं करा. पुढच्या वेळी बैठक बसली की दारात जाऊन विचारा, आमचं मत कुणाला द्यायचं ठरलं, आणि आम्हाला कधी विचारलं?

गेल्या वर्षी चाचा माझ्याकडे पायजम्याचं कापड घेऊन आले. माप दिलं, पैसे पुढे केले. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "अगली बार बैठक में आ जाना."

मी जाणार आहे. एकटी नाही, गल्लीतल्या बायकांना घेऊन.