आज्ञा कीं चित्र ?

अमरावतीच्या घरांतला लिनक्सचा संगणक अडून बसला आणि जाणता मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असला, म्हणजे आईला दूरध्वनीवरून सूचना घ्याव्या लागतात. ‘डावीकडचें चित्र दाब, मग खालचें बटण,’ असें सांगण्यांत अर्धा तास सहज जातो; कारण दोघांच्या पडद्यांवरील चित्रें सारखीं असतीलच असें नाहीं. तेंच काम एका ओळीच्या आज्ञेनें होतें, आणि ती ओळ कागदावर उतरून शेजाऱ्यालाहि देतां येते. लिनक्सचे जुने उपासक आज्ञेची बाजू घेतात ती उगीच नव्हे.

वास्तविक दोहोंच्या मागें कोठार एकच. १९९३ सालीं सुरू झालेल्या ‘डेबियन’मध्यें प्रोग्रॅमांचे तयार गठ्ठे सार्वजनिक कोठारांत ठेवलेले असतात. एका गठ्ठ्याला दुसऱ्याची गरज लागते. मूर्तिजापूर गांठल्यावांचून जशी अकोल्याच्या उतारूस अचलपूरची छोटी गाडी मिळत नसे, तसाच हा प्रकार. हा मेळ ‘ॲप्ट’ घालतो. आणि ‘सिनॅप्टिक’ हें चित्रमय साधनहि त्याच ॲप्टच्या खांद्यावर बसलेलें आहे. मात्र ज्याला गठ्ठ्याचें नांवच ठाऊक नाहीं, त्यानें आज्ञा द्यावी तरी कशाची? त्याला चित्रांचें दुकानच बरें.

खरा धोका निराळाच आहे. २०२१ सालीं कॅनडांतील प्रसिद्ध चित्रफीतकार लायनस सेबॅस्टियन हे ‘पॉप ओएस’ ह्या लिनक्सवर ‘स्टीम’ हें खेळांचें दालन बसवूं पाहत होते. चित्रमय दुकानानें नकार दिला. त्यांतून उमज कांहींच पडेना. मग त्यांनीं आज्ञा दिली. पडद्यावरील सारें दृश्य उभें करणारे गठ्ठेच निघून जातील, अशी लांबलचक यादी ॲप्टनें दाखविली, आणि पुढें जावयाचें तर ‘होय, सांगतों तसें कर’ हें वाक्य इंग्रजींत टंकावयास सांगितलें. त्यांनीं तें टंकलें! खिडक्या, चित्रें, सारें गेलें. उरला काळा पडदा. मूळ दोष कोठारांतल्या गठ्ठ्याचा; पण चित्रानें कारण झांकलें, आणि आज्ञेनें तें इतक्या गर्दींत सांगितलें कीं कोणी वाचूं नये.

पुढें पॉप ओएसच्या कर्त्यांनीं ती वाट सहजासहजीं उघडी राहूं दिली नाहीं. ‘ॲप्ट-गेट’च्या आज्ञेंत आडवी रेघ आणि ‘एस्’ हें रोमन अक्षर घातल्यास तो कांहींएक न करतां काय होईल तेवढेंच सांगतो. सिनॅप्टिकहि हात घालण्यापूर्वीं गोषवारा दाखवितें. त्यांत काढून टाकावयाच्या गठ्ठ्यांचीं नांवें निराळीं दिलेलीं असतात.