जमिनीखालचं पाणी कुणाच्या मालकीचं?



रब्बीची पेरणी उरकली की गावोगाव एक व्यवहार सुरू होतो. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो शेजाऱ्याला पाणी देतो. कुठं तासाच्या दरानं, कुठं पिकाच्या हिश्शानं. उन्हाळ्यात त्याच विहिरीवर टँकर भरू लागतात. या पाणीविक्रीचा हिशेब आज मांडू या.

वीज, पाइप, मोटारीची दुरुस्ती याचा खर्च घ्यायला हरकत नाही. पण टंचाई बघून भाव चढवला, की तो पाण्याचा व्यापार झाला. आणि या व्यापारातला माल मुळात कुणाचा, हे कुणी विचारत नाही.

आपल्या बहुतेक भागात खाली काळा कातळ आहे. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. बांध आपण घातलेला, पाण्याला तो ठाऊक नाही. एकाची बोअर खोल गेली आणि रात्रंदिवस चालली, की शेजारच्या विहिरीचा तळ उघडा पडतो. मग तोच शेजारी पाणी विकत मागायला येतो. म्हणजे त्याच्याच विहिरीत राहिलं असतं ते पाणी त्यालाच विकलं जातं! १८८२ सालचा सुविधाधिकार कायदा जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं पाणी उपसण्याचा हक्क देतो. पण हक्क एकाचा आणि कोरड सगळ्यांना, असं किती दिवस चालायचं?

आता आकडे पाहा. एक एकराला ५ सेंटीमीटरची एक पाळी द्यायला सुमारे २ लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे १० हजार लिटरचे २० टँकर. ज्वारी पोटरीत असताना एवढी एक पाळी मिळाली, तर दाणा आणि कडबा दोन्ही हाती लागतात.

यावर तोड आपल्याच मुलखात निघाली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथं पाणी जमिनीच्या मापानं न देता माणशी दिलं : माणसागणिक अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा. पैसा तिथंही द्यावा लागे; पण तो योजनेच्या खर्चाचा, पाण्याच्या नफ्याचा नव्हे.

कालव्याखालच्या शेतकऱ्यांनीही जागं राहावं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याचे हक्क हंगामापुरते विकण्याची वाट ठेवलेली आहे. तेव्हा पाणी वापर संस्थेचे सभासद व्हा, सभेला जा. तुमच्या वाट्याचा निर्णय तुमच्या माघारी होऊ देऊ नका.

गावानं एवढं करावं :

१) पावसाची नोंद ठेवा. पावसाळा संपताच विहिरींची पातळी मोजा आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे करतं. तिथं शेतीसाठी बोअर घ्यायला गावानंच बंदी केली.

२) आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढा. उरेल त्यावर पिकं ठरवा.

३) शेजाऱ्याला पाणी देताना वीज आणि दुरुस्तीचा खर्च धरून दर लेखी ठरवा. पिकात हिस्सा मागू नका.

४) तहानलेल्या गावाला पाणी नाकारू नका. पण टँकर भरायचे ते ग्रामसभेच्या ठरावानं, किती आणि कुठवर हे ठरवून.

मंडळी, पाणी विकून आलेला पैसा हंगामात सरतो. खाली गेलेली पातळी वर यायला मात्र चांगले पावसाळे लागतात, आणि ते आपल्या हातात नाहीत. ताळेबंद कसा मांडायचा हे जवळच्या कृषी कार्यालयात जरूर विचारा.